गिटारीवरची हळद

४ ऑक्टोबर २०२५ रोजी, शनिवारी सकाळी, मनमोहन विजयकर यांनी धोबीतलावच्या एका वाद्यांच्या दुकानात सहाशे पंच्याऐंशी रुपये देऊन लिंबाच्या वासाच्या तेलाची एक छोटी बाटली विकत घेतली. स्वतःच्या डोक्याला त्यांनी उभ्या जन्मात इतकं महाग तेल लावलं नव्हतं. ज्या वस्तूसाठी ते घेतलं ती वस्तू त्यांची नव्हती, ती वाजवता त्यांना येत नव्हती, आणि तिला तेल चालतं की नाही हेही त्यांना धड ठाऊक नव्हतं. ठाऊक एवढंच होतं, की अठरा तारखेला, धनत्रयोदशीला, सिद्धार्थ आगासकर मेलबर्नहून येणार आणि दारात बूट काढायच्या आधी विचारणार, “मन्या, माझी गिटार कुठाय?” त्या वेळी ती दिली तशी त्याच्या हातात ठेवता आली पाहिजे.

मनमोहन विजयकर ठाकूरद्वारच्या एका वाडीत जन्मले, तिथेच वाढले, आणि येत्या मार्चमध्ये फोर्टातल्या एका धर्मादाय ट्रस्टच्या हिशेब खात्यातून निवृत्त होऊन त्याच वाडीत पूर्णवेळ राहणार आहेत. त्यांनी आयुष्यात मोठं काही केलं असं कुणी म्हणणार नाही. पण वाडीत कुणी चार दिवस बाहेरगावी निघालं की पहिली टकटक त्यांच्या दारावर होते. तळपद्यांची तुळशीची कुंडी, वरच्या मजल्यावरच्या धुरंधरबाईंचे बँकेचे कागद, कुणाच्या लग्नातली चांदीची ताटं, एकदा तर एक बोलका पोपटसुद्धा. जे जसं ठेवलं ते तसंच परत मिळालं. पोपट तेवढा मनमोहनांच्या घरून ‘सावकाश, सावकाश’ म्हणायला शिकून गेला, पण त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. नोकरीत दुसऱ्यांचा पैसा आणि घरी दुसऱ्यांच्या वस्तू, असा त्यांचा संसार. लोक आपल्यावर भरवसा टाकतात, एवढीच काय ती मनमोहनांची मिळकत, आणि ती त्यांना पगारापेक्षा मोठी वाटायची.

सिद्धार्थ त्यांचा लहानपणापासूनचा शेजारी. दिवसा विमा कंपनीत कारकून आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटारवाला. दादरपासून परळपर्यंत असं एक मैदान नव्हतं, जिथे त्याने रात्र जागवली नाही. गिटार विजेवर चालणारी, मलईच्या रंगाची. तरुणपणी एका खलाशाकडून घेतलेली. बायको गेल्यावर दोन वर्षांपूर्वी तो मुलाकडे मेलबर्नला गेला. तेव्हा त्याचा पुतण्या विनीत अँटॉप हिलहून खास गिटार मागायला आला होता. सिद्धार्थने त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं. नंतर मनमोहनांच्या हातात पेटी देताना म्हणाला, “विनीत वाजवेल रे, म्हणून भीती वाटते. तू वाजवणार नाहीस. तुझ्याकडे बरी.”

मनमोहनांनी ती कपाटावर ठेवली, पेटीत ओल धरू नये म्हणून पुड्या घातल्या, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा काढून मऊ फडक्याने पुसली. दोन पावसाळे गेले. आणि मग दसरा आला.

दसऱ्याला विजयकरांकडे शस्त्रपूजा यथासांग असते. शस्त्रं म्हणजे विळी, मनमोहनांच्या पत्नी अनुजाताईंचं शिवणयंत्र, वडिलांचा टाइपरायटर आणि मनमोहनांचा कॅल्क्युलेटर. यंदा त्यांच्या आई यशोदाबाई म्हणाल्या, “सिद्धूची सतार पण ठेव.”

“सतार नाही आई, गिटार.”

“वाजते ना? मग ठेव.”

यशोदाबाईंना चौऱ्याऐंशी पुरी झाली आहेत. एका डोळ्याला दिसतं, दुसऱ्याला अंदाजाने. मनमोहनांनी पाटावर गिटार भिंतीला टेकवून ठेवली, तिच्यापुढे झेंडूची दोन फुलं ठेवली आणि आपट्याची पानं राहिली म्हणून खाली गेले. परत आले तेव्हा पूजा उरकली होती. विळीच्या पात्याला हळदकुंकू, शिवणयंत्राच्या चाकाला हळदकुंकू. आणि गिटारीच्या मानेवरच्या पट्टीवर, जिथे बोटांनी तारा दाबतात तिथे, वरपासून खालपर्यंत ओल्या हळदीचे जाड ठिपके, त्यावर कुंकू, त्यावर अक्षता.

“आई, हे काय? पट्टीवर का लावलंस?”

“मग कुठे लावणार?” यशोदाबाई म्हणाल्या. “हत्याराची पूजा हात पडतो तिथे करायची असते. विळीची पूजा पात्याला करतोस की पाटाला? सिद्धूचा हात इथे पडायचा. मी बघितलंय ना, गॅलरीत बसून वाजवायचा तेव्हा.”

मनमोहनांनी खिशातून रुमाल काढला.

“हां! हात नको लावूस. उद्या उत्तरपूजा झाल्यावर काढायचं.”

“आई, लाकडात मुरेल गं.”

“देवाची हळद आहे. मुरू दे.”

आता पूजेतून हळद पुसायची म्हणजे घरात तमाशा. शिवाय समोर आई, सणाचा दिवस. ती सगळी संध्याकाळ मनमोहनांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सोनं देत आणि एक डोळा भिंतीकडे ठेवत काढली.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होताच त्यांनी तारा ढिल्या केल्या आणि ओलं फडकं फिरवलं. अक्षता पडल्या, कुंकू निघालं. हळदही निघाली, पण सगळी नाही. आणि तेव्हा त्यांना पहिल्यांदाच एक गोष्ट दिसली. बहुतेक गिटारींची ही पट्टी काळपट लाकडाची असते. सिद्धार्थच्या गिटारीची फिकट, जवळजवळ पांढरी होती आणि तिच्यावर लॅकरचं, म्हणजे पारदर्शक रोगणाचं, चकचकीत पूट होतं. पण जिथे सिद्धार्थची बोटं वर्षानुवर्षं पडली होती तिथे लॅकर झिजून आतलं कोरडं लाकूड उघडं पडलं होतं. लहान लहान, उथळ खळगे. हळद नेमकी त्यांतच बसली होती. जिथे लॅकर होतं तिथे डाग नावाला नव्हता. जिथे माणसाचा हात झिजला होता तिथे पिवळाधमक.

मनमोहनांनी भांडी घासायच्या साबणाचा फेस करून फडक्याला लावला आणि चोळलं. डाग लाल झाले.

स्वयंपाकघरातून अनुजाताई म्हणाल्या, “अहो, साबण नाही ना लावलात?”

“थोडासा.”

“लाल झालं असेल.”

“तुला कसं कळलं?”

“कसं कळलं काय! एवढी वर्षं तुमच्या शर्टावरची आमटी कोण धुतंय?”

त्यांनी लिंबाची फोड आणून दिली. लिंबू फिरवल्यावर लाल परत पिवळं झालं. म्हणजे दिवसभराची मेहनत करून ते जिथून निघाले होते तिथे येऊन पोचले, आणि आता पट्टीला भांड्यांच्या साबणाचा वासही येत होता.

म्हणून शनिवारी धोबीतलाव. दुकानात प्रिती नावाची मुलगी होती, छातीवर नावाची पट्टी लावलेली आणि कानात फोनची बोंडं.

“गिटारीला लावायचं तेल आहे का?”

“फ्रेटबोर्डसाठी ना काका? हे लेमन ऑइल. सगळे हेच नेतात. रोजवूड आहे ना?”

लाकडाची जात कुणी विचारेल, याची तयारी मनमोहनांनी केलेली नव्हती. गिटारवाल्यांच्या दुकानात आपण अगदीच अडाणी दिसू नये असं त्यांना वाटलं.

“इम्पोर्टेड आहे,” ते म्हणाले.

“मग डोळे झाकून न्या.”

त्यांनी खरोखरच डोळे झाकून नेलं. ज्या माणसाने ट्रस्टच्या करारपत्रांतली बारीक अक्षरातली कलमं वाचून दोन कंत्राटदारांना घाम फोडला होता, त्याने बाटलीमागचं बारीक अक्षर वाचलं नाही. घरी येऊन कापसाच्या बोळ्याने एकेका खळग्यात तेल भरलं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत डाग चालू लागले. पिवळा रंग खळग्यातून निघून लाकडाच्या रेषारेषांनी लॅकरच्या कडेखाली सरकला. वाटाण्याएवढा डाग सुपारीएवढा झाला. हळद तेलात उतरते हे रोज फोडणी पडणाऱ्या घरात राहणाऱ्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. आमटीच्या वाटीच्या काठाला पिवळी तेलाची तार ते लहानपणापासून बघत आले होते.

मग त्यांनी चष्मा लावून बाटली वाचली. फिकट लाकडाच्या, लॅकर असलेल्या पट्टीसाठी हे तेल वापरू नये, असं तिथे छापलेलं होतं.

“हे पुढच्या बाजूला का नाही छापत?” ते ओरडले. “मागे काय छापायचं? मागे कोण बघतं?”

“तुम्ही बघता,” अनुजाताई म्हणाल्या. “बिस्किटाच्या पुड्याचंसुद्धा बघता.”

त्या रात्री नाही, पण रविवारी दिवसभर ते फोनवर गिटारीचे व्हिडिओ बघत बसले. एक म्हणत होता, फिकट पट्टीला तेल म्हणजे विष. दुसरा म्हणत होता, तेलाशिवाय लाकूड फुटेल. तिसरा दाढीवाला अक्रोडाचं तेल बोटाने चाटून दाखवत होता, म्हणे इतकं शुद्ध. चौथा सगळ्यांना मूर्ख ठरवून स्वतःच्या कंपनीचं मेण विकत होता. जो तो छातीठोक. हळदीबद्दल एकही अक्षर नाही. जगात इतक्या गिटारी, इतके वाजवणारे, पण एकाच्याही घरात दसरा नाही? ऑफिसात एखाद्या खर्चाला दोन पावत्या आल्या की मनमोहनांना खोटी कुठली ते नुसत्या नजरेने कळायचं. इथे दहा माणसं दहा गोष्टी सांगत होती आणि प्रत्येकाची पावती खरी वाटत होती.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरचा विक्रांत कीर्तिकर आला. हा त्यांच्याच वयाचा, वाडीच्या क्रिकेट संघाचा एके काळचा सलामीवीर, आणि कुठल्याही विषयात शेवटचा शब्द आपला असावा अशी सवय असलेला.

“मन्या, तू उगाच गुगलच्या नादाला लागतोस. बॅटला काय पाजायचो आपण?”

“जवसाचं तेल.”

“बॅट कशी असते?”

“पांढरी.”

“ही पट्टी कशी आहे?”

“पांढरीच,” मनमोहन म्हणाले. हे त्यांना पटलं. नंतर याच गोष्टीची त्यांना सगळ्यांत जास्त चीड आली, की विक्रांतचं म्हणणं त्यांना अगदी हिशेबी वाटलं होतं.

विक्रांतने घरातून अर्धी बाटली जवसाचं तेल आणून दिलं, आणि स्वतः उभं राहून, “अजून, अजून, पिऊ दे तिला,” असं म्हणत लावून घेतलं. सोमवारी पट्टी चिकट होती. मंगळवारी चिकट होती. ऑक्टोबरचा उकाडा, हवेत ओल, तेल वाळायचं नाव घेईना. डागांवर आता तांबूस झाक आली होती, आणि पट्टीवर एक डास चिकटून मेला होता. तो मनमोहनांनी सुईने काढला.

पेपरच्या जुन्या अंकांवर आडवी ठेवलेली गिटार बघून यशोदाबाईंनी विचारलं, “सिद्धूची सतार आजारी आहे का रे? सारखी झोपवून ठेवतोस.”

“साफ करतोय.”

“कशाने? खोबरेल लाव की दोन थेंब. सगळं जातं खोबरेलाने.”

“आई, तू तेलाचं नाव काढू नकोस!”

घरात हा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. यशोदाबाई भिंतीला धरून आपल्या खोलीत गेल्या. मनमोहनांना वाटलं, जाऊन सांगावं की हे सगळं कशाने झालं. पण ते सांगायचं म्हणजे दसऱ्याची पूजा तिने चुकवली असं सांगायचं. या वयात तिला एवढीच तर कामं उरली होती. न सांगावं, तर ती समजणार की पोराला आपलं बोलणंही सहन होत नाही. दोन्हीकडून तेच दोषी. त्यांनी चिकट फडकं जोरात जमिनीवर आपटलं. तेही लादीला चिकटलं.

शेवटी अनुजाताईंनी कंटाळून सांगितलं, “हळदीचा डाग ना? उन्हात टाका. पहिल्याच दिवशी सांगणार होते, पण तुम्ही शास्त्रज्ञ झाला होतात.”

त्यांच्या गॅलरीत ऊन पूर्वी यायचं. समोर टॉवर उभा राहिल्यापासून येत नाही. म्हणून बुधवारी आणि गुरुवारी मनमोहनांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि गच्चीवर जाऊन बसले. गिटारीचं पोट चादरीत गुंडाळलेलं, मान तेवढी उन्हात, आणि शेजारी स्टुलावर टोपी घातलेले ते स्वतः. कावळे, कबुतरं आणि वाडीतली पोरं, तिघांवरही त्यांचा विश्वास नव्हता.

तळपद्यांची सून कपडे वाळत घालायला आली. “काका, कुरडया घातल्यात का?”

“नाही. गिटार.”

“हो का? मग कावळे नाही येणार.” आणि ती तोंडाला पदर लावून खाली गेली. संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला कळलं होतं, की विजयकरांनी गिटारीचे पापड घातलेत.

पण हळद हरली. दुसऱ्या दिवशी दुपारी पिवळेपणा इतका उतरला होता, की ज्याला माहीत नाही त्याला सांगूनही दिसला नसता. राहिला होता तो जवसाचा तांबूस रंग आणि बोटाला जाणवेल न जाणवेल असा चिकटपणा.

अनुजाताईंनी गिटार खिडकीशी धरून बघितली. “झालं. आता हिला हात लावू नका.”

“चिकट आहे अजून.”

“वाळेल. बॅट वाळते ना?”

“कधी?”

“वाळेल तेव्हा वाळेल! अहो, तो यायला अजून आठवडा आहे.”

यावर मनमोहनांनी काय करायला हवं होतं हे उघड आहे. पण त्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. सिद्धार्थ पेटी उघडतोय, त्याचं बोट तांबूस डागाला चिकटतंय आणि तो मान वर करून बघतोय. “तुझ्याकडे बरी म्हणालो होतो ना?” त्यांना डाग कमी झालेला नको होता. त्यांना तो झालाच नव्हता असं हवं होतं.

शुक्रवारी त्यांनी टॅक्सी केली आणि गिटार मांडीवर घेऊन लालबागला गेले. कुणीतरी हितेंद्र नावाच्या कारागिराचा पत्ता दिला होता. चाळीच्या तळमजल्यावर एक खोली, भिंतीभर टांगलेल्या गिटारी, आणि चार पावलांवर मसाला कांडायच्या गिरण्या. गल्लीभर तिखट उडत होतं. मनमोहनांनी टॅक्सीतून उतरताना बघितलं, एका दारात एक बाई हळकुंडांचं पोतं ओतत होती. त्यांनी पेटी छातीशी धरली आणि श्वास रोखून आत शिरले.

हितेंद्र चाळिशीचा, अंगात बनियन, बोलायला फटकळ. त्याने पट्टीवर अंगठा फिरवला आणि अंगठ्याचा वास घेतला.

“काका, कुणी केलं हे?”

“घरीच. थोडं तेल लागलं.”

“थोडं? भजीसारखी तळलीय तुम्ही हिला.”

“होईल का व्यवस्थित?”

“आपल्याकडे सगळं होतं. दोन टाइपचं काम आहे बघा. एक नंबर, वरचं चिकट काढतो, फ्रेट, म्हणजे या धातूच्या आडव्या पट्ट्या, साफ करतो, तारा नव्या टाकतो. हजार रुपये, उद्या घेऊन जा. डाग थोडे राहणार. दोन नंबर, सगळे फ्रेट उपटायचे, पट्टी पॉलिश पेपरने घासून एक लेव्हल करायची, वर लॅकर, परत फ्रेट ठोकायचे. एकदम शोरूम पीस. साडेचार हजार, आठवडा लागेल.”

“मला जशी होती तशी हवी.”

“म्हणजे कधी होती तशी? दुकानात होती तशी, का मागच्या महिन्यात होती तशी?”

प्रश्न सरळ होता. बाहेर गिरणी धडधडत होती, नाकात मिरची चढत होती, आणि सतरा तारखेच्या आत काम व्हायला हवं होतं.

“एकही डाग दिसता कामा नये,” ते म्हणाले.

“मग दोन नंबर. आणि काका, हे खळगे बघा, केवढे पडलेत. असल्या पट्टीवर वाजवायचं म्हणजे खड्ड्यातून गाडी चालवायची. काढून टाकू, ज्याची आहे तो खूश होईल.”

“नक्की?”

“नवीन कुणाला नाही आवडत?”

मनमोहनांनी पैसे तिथेच मोबाइलवरून दिले. निघताना ते म्हणाले, “तेवढी खिडकी बंद ठेवा. बाहेर हळद आहे.”

“काका, या गल्लीत खिडकी बंद केली तर मी मरेन. गिटार नाही मरत.”

सतराला ते गिटार घेऊन आले. काम उत्तम होतं, यात शंका नाही. पट्टी एका पातळीत, काचेसारखी गुळगुळीत, तिच्यात खोलीतला ट्यूबलाइट दिसत होता. दसऱ्यानंतर पहिल्यांदाच ते पोटभर जेवले.

सिद्धार्थ धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आला. वाळला होता. बूट न काढताच त्याने दारातून विचारलं, “मन्या, माझी गिटार कुठाय?” मनमोहनांनी पेटी आणून त्याच्यासमोर ठेवली, कुलूप उघडलं आणि दोन पावलं मागे सरकले.

सिद्धार्थने गिटार मांडीवर घेतली. तारा जुळवल्या, सूर लावला, आणि काहीतरी सुरू केलं. दोन क्षणांत थांबला. परत सुरू केलं, परत थांबला. मग त्याने मान वाकवून पट्टी दिव्याखाली धरली.

“खळगे कुठे गेले?”

“कुठले?”

“इथले रे. हा बघ, इथे एक होता, इथे एक.” तो बोटाने गुळगुळीत पट्टी चाचपत होता. “कुणी घासली ही?”

“मीच लॅकर करून घेतलं. लालबागला. अगदी नवी दिसायला लागली.”

“हो. नवीच आहे.” सिद्धार्थने डाव्या हाताची बोटं एकमेकांवर घासली. “मधुमेहाने बोटं बधिर झालीत मन्या. तिकडे मुलाने नवी गिटार आणून दिली, पण बोट कुठे पडलंय ते मला कळतच नाही. म्हटलं, हिच्यावर जमेल. खळग्यात बोट आपोआप बसायचं. पाडव्याला दादरला आमची जुनी मंडळी जमणार आहेत, त्यांना सांगूनही बसलोय मी वाजवीन म्हणून.”

तेवढ्यात आतून यशोदाबाई भिंतीला धरत बाहेर आल्या.

“कोण, सिद्धू? आलास? तुझ्या सतारीची पूजा केली हो मी दसऱ्याला.”

“केलीत मावशी?” सिद्धार्थने वाकून नमस्कार केला.

“हो तर. तुझा हात पडतो तिथेच हळद लावली. चांगली भरपूर.”

सिद्धार्थने पुन्हा पट्टीकडे बघितलं, मग मनमोहनांकडे. “मग हळद कुठाय?”

“काढली,” मनमोहन म्हणाले.

“राहू द्यायची की रे.” तो रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. तो अगदी सहज बोलला. “चांगलं दिसलं असतं.”

साबण, लिंबू, धोबीतलावची मुलगी, विक्रांतची बॅट, गच्चीवरचं ऊन, सगळं मनमोहनांना सांगून टाकावंसं वाटलं. काहीच केलं नसतं तर सगळं ठीक झालं असतं, हे त्यांना दिसत होतं, आणि काहीच न करणं हे त्यांना जन्मात कधी जमलेलं नव्हतं. पण हे सांगायचं तर आईसमोर सांगावं लागलं असतं.

“चहा घेणार?” त्यांनी विचारलं.

पाडव्याला मनमोहन आणि अनुजाताई दादरला गेले. सिद्धार्थ गिटार मांडीवर घेऊन खुर्चीत बसला होता. पहिल्या दोन गाण्यांना त्याने उगाच हात फिरवल्यासारखं केलं. तिसऱ्याला त्याने गिटार विनीतच्या हातात दिली आणि स्वतः टाळ्यांनी ठेका धरला. विनीतने बरी वाजवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अनुजाताई हळूच म्हणाल्या, “चला, निदान वाजली तरी.” मनमोहनांना ट्यूबलाइट दिसत होता, पट्टीत चमकणारा.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सिद्धार्थ परत गेला. विमानतळावरून त्याने फोन केला.

“मन्या, गिटार विनीतकडे ठेवलीय रे. अँटॉप हिलला. म्हटलं तुला परत कुठे त्रास.”

“त्रास कसला त्यात.”

“नाही, त्याला वाजवायचीही हौस आहे. वाजवेल. पडतील परत खळगे.”

“पडतील की,” मनमोहन म्हणाले.

“पण वेळ लागेल,” सिद्धार्थ म्हणाला, आणि मग विमानाची घोषणा झाली म्हणून त्याने फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी हितेंद्रचा फोन आला. नव्या तारांचे सहाशे रुपये दोन नंबरच्या कामात धरलेले नव्हते, ते फक्त एक नंबरमध्ये होते, असं त्याने सांगितलं. दुसऱ्याची पै न् पै जपणाऱ्या मनमोहन विजयकरांनी ते सहाशे रुपये अजून दिलेले नाहीत.